रिपोर्ट आला की निघायचं

घरी पंखा फिरत असतो, खालून गाड्या जातात, त्यामुळे लक्षात येत नाही. पण कोयनेच्या पाण्याकाठी रात्री अकरानंतर वारा पडला, की माझ्या छातीतली झडप मिटल्याचा आवाज तंबूत स्पष्ट ऐकू येतो. उशीखाली मनगटी घड्याळ ठेवल्यासारखा. ह्यांनी तो पहिल्यांदा बामणोलीला ऐकला. बराच वेळ गप्प पडून होते, मग म्हणाले, "अगं, हे तुझंच आहे की काय?" मी हो म्हटलं. तेव्हापासून तंबूत ह्यांना त्या आवाजाशिवाय झोप लागत नाही.

मी आज ६८ वर्षांची आहे. अकराव्या वर्षी घसा दुखून ताप आला, मग एकामागून एक सांधे सुजले. तो ऱ्हुमॅटिक ताप होता. त्याने हृदयाची मिट्रल झडप हळूहळू कडक होत गेली आणि २०१८ साली पुण्याला ऑपरेशन करून ती बदलावी लागली. ऑपरेशनआधी डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले होते. जनावराच्या ऊतीपासून केलेली झडप काही वर्षांनी झिजते आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. धातू आणि कार्बनची झडप टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. मी दुसरी निवडली. त्या गोळीबरोबर दर चार आठवड्यांनी रक्त तपासायची तारीखही जन्मभरासाठी येते, हे तेव्हा माहीत होतं. तिचा अर्थ मात्र नंतर कळला.

आम्ही दोघं तंबू घेऊन फिरतो ते लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून. तेव्हा कॅनव्हासचा जड तंबू स्कूटरवर बांधून न्यायचो. साताऱ्याला राहत असल्यामुळे कास, बामणोली, तापोळा हे आमचं अंगणच. शाळेत भूगोल शिकवताना मी पोरांना जांभा दगड दाखवायचे तो अशाच एखाद्या मुक्कामावरून उचलून आणलेला असायचा. ऑपरेशननंतर मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता पुरे ना." त्याचं काही चुकलं नव्हतं. पण रुग्णालयाच्या खाटेवर पडल्या पडल्या मी एकच हिशोब करत होते. जमिनीवरून उठता कधी येईल?

कारण खरी अडचण तीच होती. ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड कापून तारेने पुन्हा बांधलेलं असतं. पहिले तीन महिने ओझं उचलायचं नाही आणि हातांवर भार देऊन उठायचं नाही. तंबूत तर माणूस हातांवर भार देऊनच उठतो. फिजिओथेरपीच्या बाईंनी आधी कुशीवर वळायचं, मग गुडघ्यावर यायचं आणि पायांच्या जोरावर उठायचं असं शिकवलं. हाड भरल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी ते रोज सकाळी सतरंजीवर दहादा करायचे. मार्च २०१९ मध्ये ह्यांनी गच्चीवर तंबू ठोकला आणि आम्ही पहिली रात्र तिथे काढली. खाली न्हाणीघर, शेजारी फोन, तरी मला रात्रभर धाकधूक होती. सकाळी हात न टेकता बाहेर आले आणि गच्चीवरच रडले. त्यानंतर आम्ही एक घडीची खाट घेतली. जमिनीवर झोपायचा हट्ट सोडला, तंबू सोडला नाही.

आता गोळीचं सांगते, कारण आमचं सगळं फिरणं तिच्याभोवती बेतलेलं आहे. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे आयएनआर नावाच्या आकड्यावरून कळतं. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा तो साधारण १ असतो. माझा २.५ ते ३.५ मध्ये राहायला हवा. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरून ती मेंदूकडे जाण्याची किंवा झडपच अडकण्याची भीती. वर गेला तर साधी जखम थांबत नाही आणि आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. ओळखीचे लोक म्हणतात, हल्ली तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, त्या घे. त्या इतर रुग्णांसाठी आहेत. धातूची झडप असणाऱ्यांना चालत नाहीत, आणि हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. वासोट्याचं जंगल पावसाळ्यानंतर नुकतंच उघडलं होतं. किल्ला चढायचा माझा विचार नव्हता. बामणोलीहून लाँचने मेट इंदवलीला जायचं, जंगलाच्या तोंडाशी ओढ्याकाठी बसायचं आणि संध्याकाळच्या आत परत, एवढंच ठरलं होतं. जंगलात मुक्कामाला परवानगी नाही, म्हणून तंबू बामणोलीला ओळखीच्या शेतात लावलेला. त्या दिवसांत तिथे जळवा असतात हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. परतताना लाँचमध्ये पायमोजा काढला तर घोट्याच्या वर दोन जळवा फुगून बसलेल्या. लाँचवाला म्हणाला, "मावशी, चुना लावू का?" त्याने लावला, त्या गळून पडल्या, आणि रक्त वाहू लागलं.

जळू चावताना जे सोडते त्याने रक्त गोठत नाही. धडधाकट माणसाचंही तासन्‌तास झिरपतं. म्हणून आधी मी घाबरले नाही. पट्टी दाबून बांधली, पाय उशीवर ठेवला. नऊ वाजता पट्टी भिजली. दुसरी बांधली. अकराला तीही भिजली. ह्यांनी पंधरा पंधरा मिनिटं अंगठ्याने दाबून धरलं, सोडलं की पुन्हा सुरू. पहाटे तीन वाजता दात घासताना यावी तशी हिरड्यांतून रक्ताची चव आली, आणि तेव्हा कळलं की हा प्रश्न जळवेचा नाही.

आठवड्यापूर्वी माझी दाढ सुजली होती. एका दवाखान्यात दाखवली आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्यात मेट्रोनिडाझोल होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम ते औषध भलताच वाढवतं. तिथे मला कुठली औषधं चालू आहेत हे कुणी विचारलं नाही, आणि झडप-गोळीची माहिती लिहिलेलं पर्समधलं कार्ड मीही काढून दाखवलं नाही. त्या दवाखान्याचा मला आजही राग आहे आणि माझा स्वतःचाही आहे.

ह्यांना रात्री गाडी चालवणं अवघड जातं, म्हणून उजाडायची वाट पाहिली. ती चूक होती. १०८ ला फोन करायला हवा होता. उजाडताच कासमार्गे साताऱ्याला आलो, लॅब उघडताच रक्त दिलं. आयएनआर ५.४ आला. पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच इथल्या रुग्णालयात तपासून घ्यायला लावलं, दोन रात्री गोळी बंद केली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं. मग हळूच विचारलं, "पण जळवा लागल्या कुठे?"

चार वर्षं मी त्यांना "थोडं फिरते" एवढंच सांगत आले होते. तंबू म्हटलं की मना करतील ही भीती. त्या दिवशी सगळं सांगितलं, खाट, ओढा, लाँच, सगळं. त्यांनी मना केलं नाही. नकाशा मागितला. रात्रीचा मुक्काम असा हवा की गाडी तंबूपाशी येईल, आणि मेंदूचा सीटी स्कॅन होईल असं रुग्णालय दोन तासांत गाठता येईल. कारण माझ्यासारखीला सगळ्यात मोठा धोका डोक्याच्या माराचा. डोकं आपटलं तर बरं वाटत असलं तरी थेट रुग्णालयात जायचं, टेंगूळ बघत बसायचं नाही. आणि कुठलंही नवं औषध सुरू झालं की तीन-चार दिवसांत रक्त तपासायचं, तोवर गावाबाहेर मुक्काम नाही.

त्या दोन तासांनी आमचा नकाशा बदलला. बामणोली बसली. तापोळ्यालाही सातारा आवाक्यात आहे. भंडारदऱ्याला आम्ही नेहमी रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाजवळ उतरायचो, ते सोडलं. आता तंबू शेंडीच्या बाजूला, तिथून घोटीवरून नाशिक साधारण ७० किलोमीटर. देऊळ दिवसा बघून येतो. मे संपता संपता काजवे तिथेही दिसतात. रतनवाडीची रात्र मात्र मला आठवते, ते खोटं कशाला सांगू.

आकडा खाली जायची गंमत वेगळीच, म्हणजे गंमत नव्हेच. जुलै २०२३ मध्ये शेंडीजवळ ज्यांच्या आवारात उतरलो त्या आजी रोज रानभाजी करायच्या. भारंगी, कुर्डू, टाकळा. नाचणीची भाकरी आणि वर तेल. चार दिवस मी दोन्ही वेळा पोटभर खाल्लं. घरी आल्यावर आकडा १.९. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व असतं आणि माझी गोळी नेमकी त्याच्याच विरुद्ध काम करते. मला वाटलं, आता पालेभाजी बंद. डॉक्टर म्हणाले, बंद अजिबात करू नका, माप ठेवा. घरी जेवढी मेथी-पालक खाता तेवढीच बाहेरही. तेव्हापासून घरी एक वाटी, बाहेर एक वाटी. आजींना मी हे समजावून सांगितलं तर त्यांनी माझ्यासाठी वाटी मोजून ठेवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी गेलो तर तीच वाटी पुढे आली.

गोळी रात्री आठला. फोनचा गजर रेंज नसली तरी वाजतो. डबी दोन, एक माझ्या पिशवीत आणि एक गाडीत, आणि दोन्हीत मुक्कामापेक्षा पाच दिवसांच्या जास्त गोळ्या. विसरले आणि त्याच रात्री आठवलं तर घेते, दुसऱ्या दिवशी दोन कधीच घेत नाही. दुखलं-खुपलं तर मनाने कुठलीही वेदनाशामक गोळी नाही. गळ्यात एक पाकीट असतं, त्यात कार्ड. झडप कुठली, गोळी कुठली, शेवटचा आकडा किती, कुणाला फोन करायचा, मराठीत आणि इंग्रजीत. साप चावलाच तर हे कार्ड आधी दाखवायचं, कारण घोणस किंवा फुरसं चावल्यावर डॉक्टर रक्त गोठतंय का हेच बघतात, आणि माझं रक्त आधीच वेगळं आहे. तंबूच्या ताणाच्या दोऱ्यांना ह्यांनी पांढऱ्या चिंध्या बांधल्यात, रात्री पाय अडकू नये म्हणून. विळी नेत नाही, भाजी घरूनच चिरून आणते. पायांना जळवांचे लांब मोजे आणि मिठाची पुरचुंडी.

ह्यांना काचबिंदू आहे. दर चार महिन्यांनी डोळ्यांचा दाब तपासायचा आणि रोज रात्री थेंब घालायचे. ते थेंब माझ्या आठच्या गजरालाच घालतो. अंधारात गाडी चालवायची नाही म्हणून मुक्कामावर चारच्या आत पोचतो. उजेडात तंबू लावायला मिळतो, चहा होतो, पाण्यावर ऊन उतरताना दिसतं. पूर्वी आम्ही नेहमी अंधार पडल्यावर धावपळीत पोचायचो.

तारखांशी माझं बरेच दिवस पटत नव्हतं. मनासारखा चंद्र असला की रक्ताची तारीख, कासला फुलं भरात आली की इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एकदा तपासणी आठ दिवस पुढे ढकलून आम्ही चार दिवस कोकणात गेलो होतो. काही झालं नाही, पण ते चारही दिवस मी समुद्र पाहिलाच नाही, आकडा किती असेल हेच मनात. म्हणून आता उलटं करतो. वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधी सगळ्या मंगळवारच्या तपासण्या, जून आणि डिसेंबरचे इको, ह्यांचे डोळे असं लाल शाईने भरतो. मंगळवारी रक्त, संध्याकाळी रिपोर्ट, आकडा जागेवर असेल तर गुरुवारी निघायचं. गोळीचं माप बदललं तर नाही निघायचं. गेल्या वर्षी सहा बेत ठरले, चार झाले. एक आकड्यामुळे राहिला आणि एक ह्यांच्या डोळ्यांमुळे. राहिलेल्या दोन्हींचं वाईट वाटलं. कासचा हंगाम हातचा गेला की वर्षभर थांबावं लागतं, आणि या वयात वर्षभर ही लहान गोष्ट नाही.

परवा बामणोलीच्या लाँचवाल्याचा फोन आला होता. पाणी काठोकाठ आहे, थंडी पडलीय, शेतातली जागा धरून ठेवू का, विचारत होता. तंबू गच्चीवर ऊन खातोय, खाटेचा एक पट्टा ह्यांनी कालच शिवून आणला. मी त्याला म्हटलं, बाळा, मंगळवारी संध्याकाळी रिपोर्ट येईल, मग सांगते. तो म्हणाला, "बरं मावशी, आठच्या आत करा फोन, नंतर तुमची गोळी असते."