तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याचे तुकडे आणि माझे तुकडे

"स्वतः दुसऱ्यांच्या सिनेमांचे तुकडे लावून व्हिडिओ करता, आणि तुमचा तुकडा कुणी लावला की स्ट्राइक मारता. हे कसं काय, सर?"

दर आठ-पंधरा दिवसांनी माझ्या यूट्यूब चॅनेलवर कुणीतरी हे विचारतंच. (स्ट्राइक म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढून यूट्यूबने चॅनेलवर ठेवलेला ठपका.) 'सर'मधला खवचटपणा कमी-जास्त असतो, प्रश्न तोच. आजवर 'समीक्षा वेगळी, चोरी वेगळी' एवढं लिहून मी मोकळा होत आलो. ते खोटं नाही, पण त्याच्या आड मी फार दिवस लपलोय.

आधी भांडून घेतो. तीस सेकंदांपर्यंत चालतं असा नियम कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात मला दाखवा. खाली मूळ मालकाचं नाव टाकलं की परवानगी मिळाली, हेही कुणी ठरवलं कोण जाणे. अमेरिकेच्या १९७६च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १०७ 'फेअर यूज', म्हणजे परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर, ठरवायला चार गोष्टी बघायला सांगतं: कशासाठी घेतलं, मूळ कृती कोणत्या प्रकारची, किती घेतलं, आणि मूळ कृतीच्या बाजारावर त्याचा काय परिणाम होतो. सेकंद मोजून उत्तर निघत नाही. आणि आपल्या १९५७च्या कायद्यात 'फेअर यूज' हा शब्दच नाही. तिथे कलम ५२मध्ये 'फेअर डीलिंग' आहे आणि हेतू ठरवून दिलेत: खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. माझं सगळं दुकान त्या 'टीका किंवा समीक्षा'वर चालतं. मी प्रसंग थांबवतो, त्यावर बोलतो, कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा जोडल्याची जागा, कुठे पडला ते दाखवतो. माझा व्हिडिओ बघितला म्हणून सिनेमा बघायची गरज उरली नाही, असं कुणाचं होत नाही.

उलट माझा चौदा मिनिटांचा व्हिडिओ जसाच्या तसा उचलून, कोपऱ्यातलं माझं नाव धूसर करून जे स्वतःच्या चॅनेलवर चढवतात, त्यांच्यावर मी तक्रार करतो आणि शांत झोपतो. त्याबद्दल मला काही वाटत नाही आणि वाटणारही नाही.

पण तुम्ही विचारता ते त्यांच्याबद्दल नसतं. तुम्ही त्या मुलीबद्दल विचारता.

त्या रात्री अशा तीन तक्रारी करून झाल्या होत्या. चौथा व्हिडिओ तिचा. शीर्षकात माझ्याच व्हिडिओचं नाव, आणि सुरू केल्या केल्या माझा आवाज. वीस सेकंद ऐकलं असेल. फॉर्म उघडला. त्यात एक चौकट असते: हा वापर मालकाच्या संमतीने झालेला नाही आणि कायद्यानेही त्याला मुभा नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. टिक केली, पाठवला. त्या चौकटीला अर्थ आहे. एका आईने नाचणाऱ्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता, मागे गाणं वाजत होतं. त्या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने २०१५मध्ये सांगितलं, की तक्रार पाठवण्याआधी तो फेअर यूज असू शकतो का याचा विचार करावाच लागतो. मला हे ठाऊक होतं. मी त्यावर व्हिडिओ केलाय.

सकाळी तिची मेल. एक लिंक आणि एक ओळ: "सर, पाचव्या मिनिटापासून बघा."

एका प्रसंगात तीन मिनिटं एकही कट नाही, असं मी ठासून सांगितलं होतं. तिने माझा चार मिनिटांचा भाग चालू दिला आणि मग थांबवला. काळा कोट घातलेला एक माणूस कॅमेऱ्याच्या अगदी समोरून जातो. दोन फ्रेम पडदा पूर्ण काळा. त्याआधी दिव्याची सावली दाराच्या कडीच्या डावीकडे, त्यानंतर उजवीकडे. म्हणजे कट तिथेच लपवलाय. ती एकेक फ्रेम पुढे नेत होती, मागे आणत होती, आणि मधून मधून माझाच आवाज: "एकही कट नाही." असं तिने तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा माझा तो ठाम सूर मला ऐकवेना.

जे मी रोज करतो, तेच ती करत होती. बरं करत होती.

तक्रार मागे घ्यायला एक मेल पुरते. मी पाच दिवस घेतले. स्वतःला सांगत राहिलो, की तिने घेतलं जास्त, मुद्द्याला चाळीस सेकंद पुरले असते. स्टॉपवॉच लावून मोजलंसुद्धा! वर सेकंद मोजणाऱ्यांना हसलो, तो हाच मी. खरं कारण एवढंच, की ती बरोबर होती आणि हे चारचौघांत दिसलं असतं.

यूट्यूबवर स्ट्राइक ९० दिवस राहतो, आणि तेवढ्यात तीन झाले की चॅनेल जाऊ शकतं. तिचा हा दुसरा होता. "मग काउंटर नोटीस का नाही टाकलीस?" असं मी तिला नंतर, अगदी शहाण्यासारखं, विचारलं. व्हिडिओंमधून मी सगळ्यांना तेच सांगायचो: घाबरू नका, टाका. पण त्या नोटिशीत, म्हणजे माझा व्हिडिओ चुकून काढला असं कळवणाऱ्या उत्तरात, खरं नाव आणि पत्ता द्यावा लागतो आणि ती तक्रारदाराकडे जाते. तिने लिहिलं, "माझा पत्ता तुमच्याकडे आला असता." माझ्या चॅनेलवर एका मित्राच्या ऑफिसचा पत्ता आहे. मला कधी सुचलंच नव्हतं.

तक्रार मागे घेतल्यावर व्हिडिओ परत आला. आठवड्याने तिने तो स्वतःच काढून टाकला. माझ्या व्हिडिओखाली मी दुरुस्ती लिहिली, तिच्या नावाशिवाय. नाव घालू का, हे तिला विचारलंही नाही.

पहिला क्लेम माझ्यावर आला, तेव्हा मी कॉपीराइटला मोठ्यांची काठी म्हटलं होतं. तेव्हाचा मी हे वाचून हसेल. हसू दे. त्याच्याकडे चोरण्यासारखं काही नव्हतं.

आता शेवटपर्यंत बघितल्याशिवाय फॉर्म उघडायचा नाही, असं ठरवलंय. गेल्या महिन्यात एकाने माझी सहा मिनिटं घेतली आणि मध्ये दोनदा "वा!" म्हणाला. मध्ये मध्ये थांबवून टीका करणारा रिअ‍ॅक्शन व्हिडिओ न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१७मध्ये फेअर यूज ठरवला, पण नुसतं सोबत बसून बघण्यासारखे व्हिडिओ वेगळे, हेही तिथेच नोंदवलं. हा कुठला? फॉर्म अर्धा भरून टॅबमध्ये उघडा आहे. दुसरा "वा!" तो नेमका कशावर म्हणतो, तिथपर्यंत मी अजून पोचलेलो नाही.