किल्ली खिशात, गाडी गप्प

चवथीला दोन दिवस उरले होते. म्हापशात माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळांचा, बाजार भरला होता आणि माझ्या ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानासमोर गाड्यांपेक्षा सुपारीचे घोस आणि नारळाच्या पेंडीच जास्त दिसत होत्या. अशात मयेहून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. "भाचा मुंबईहून गाडी घेऊन आलाय, मला विकतो म्हणतो. चावी न लावता चालणारी आहे. माझ्यासारख्याने असली घ्यावी की नको, ते तू येऊन बघून सांग."

मी गाडीच्या कॉम्प्युटरमधलं वाचणारा स्कॅनर आणि हत्यारांची पेटी घेऊन निघालो. मास्तरांच्या गेटाशी पोचेपर्यंत पावसाची सर आली. खांबावरच्या बेलचं बटण दाबलं, काही वाजलं नाही. आतून काकी ओरडल्या, "ती घंटी बंद आहे रे, ये सरळ आत!"

अंगणात माटवाचं सामान आणि लाकडं पडलेली, म्हणून दोन्ही गाड्या गेटाला अगदी खेटून लावलेल्या. पुढे भाच्याची, मागे फोंड्याच्या जावयाची. भाचा वैतागलेला. "दादा, कालपासून गाडी चावीच ओळखत नाही. सेल बदलला, दुसरी चावी लावून बघितली, तेच." गाडी विकायला आणलेली आणि मामाच्या दारातच ती रुसलेली, त्यामुळे बिचाऱ्याचं तोंड उतरलं होतं. तेवढ्यात जावई म्हणाला, "माझीही रात्री लॉक झाली नाही. पावसात कोण उभं राहणार, तशीच टाकून आत गेलो."

दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, चार चाव्या, आणि एकाच रात्री सगळं बंद. शेजारच्या आजी वईपलीकडून म्हणाल्या, "गावच्या राखणदार देवाला नारळ दिलात की विसरलात?" मी हसलो नाही. एका गाडीला दोष असता तर वायरिंग उकललं असतं. दोन गाड्या एकदम बिघडल्या की दोष गाडीत नसतो, एवढं आजींना माझ्याआधी कळलं होतं.

आधी सेल मोजला. सीआर २०३२, मीटरवर ३ व्होल्टच्या वर. मग चावीच्या पोटातलं लोखंडी पातं काढून दार उघडलं. अलार्म लागलीच बोंबलायला लागला, घरातली पोरं खिडकीत गोळा झाली. मी आत बसलो, चावी स्टार्टच्या बटणाला टेकवली, ब्रेक दाबून तिनेच बटण दाबलं. गाडी सुरू! अलार्म गप्प. "कशी काय?" भाच्याने विचारलं.

त्यातच तर सगळं होतं. आपण हँडलला हात लावतो तेव्हा गाडी हँडलमधल्या कॉइलमधून १२५ किलोहर्ट्झवर चावीला हाक मारते. ही हाक मुद्दाम तोकडी असते, जेमतेम मीटर-दीड मीटर पोचते, म्हणून तर चावी जवळ आहे हे गाडीला समजतं. हाक ऐकून खिशातली चावी जागी होते आणि उत्तर देते, ते मात्र दुसऱ्या वाटेने, ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. चावी बटणाला टेकवली की ही दुसरी वाट लागतच नाही. आतली इमोबिलायझरची, म्हणजे खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी, चिप सेलशिवाय, जवळच्या कॉइलवरच बोलते, हाकही तिथेच आणि उत्तरही तिथेच. म्हणजे चिप धड होती. हाक पोचत होती का, ते चावीवरचा बारीक दिवा सांगत होता. हँडल दाबलं की तो लुकलुकायचा. चावी बोलत होती, गाडीला ऐकू येत नव्हतं.

गाडी देवळापुढच्या मैदानात नेली. तिथे पोचल्यावर बंद केली, उतरलो, हँडलचं बटण दाबलं. टुक. लॉक. पुन्हा टुक, उघडली. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. परत गेटाशी आणली, मुकी.

चाव्या करणाऱ्यांकडे रिमोट तपासायचं एक डबडं असतं. रिमोट समोर धरून दाबला की फ्रिक्वेन्सी दाखवतं. मी काकींकडे झाकणाचा स्टीलचा डबा मागितला. नेवऱ्या भरायला धुऊन ठेवलेला मोठा डबा त्यांनी नाइलाजाने दिला. घरातल्या चारही चाव्या त्यात घालून झाकण घट्ट लावलं, म्हणजे त्यांच्यावर संशय नको. डबडं चालू केलं. कोणीच काही दाबलेलं नव्हतं आणि आकडा उमटला, ४३३.९२. गेला, पुन्हा उमटला.

डबडं हातात धरून मी अंगणभर फिरलो. विहिरीकडे आकडा येईना. गेटाकडे वळलो की येई, आणि खांबाजवळ तर जाता जाईना. खांबावर बेलचं बटण. वाकून बघितलं, प्लास्टिकच्या आड बारीकसा लाल दिवा लुकलुकत होता.

"काकी, ही बेल कधीपासून बंद आहे?"

"बंद कुठली? पाहुणे येणार म्हणून परवा नवा सेल घातला, तर काल तिन्हीसांजेपासून आपोआप वाजायला लागली. वाजत राहिली, वाजत राहिली. शेवटी आतली वाजणारी घंटी प्लगातून काढून ठेवली."

घंटी काढली होती, बटण चालूच होतं. स्क्रू काढून उघडलं तर रबराच्या मागे पावसाचं पाणी आणि स्विचच्या पायांवर हिरवा गंज. आत पाणी शिरून बटण दाबल्यासारखं झालेलं. अशा बऱ्याच बिनतारी बेली त्याच ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, परवाना लागत नाही म्हणून बराचसा स्वस्त माल तिथेच. गाड्यांचा टप खांबापासून दोन हातांवर. कानाशी कोणी ताशा वाजवत असताना घरातली हाक कशी ऐकू येणार? मी १२ व्होल्टचा तो करंगळीएवढा सेल काढला, डब्यातून चावी घेतली, हँडल दाबलं. टुक. मागची पण टुक.

गंमत म्हणजे मी एखादा दिवस उशिरा गेलो असतो तर तो सेल आपोआप संपला असता, गाड्या बऱ्या झाल्या असत्या आणि श्रेय आजींच्या नारळाला गेलं असतं.

मग ज्यासाठी बोलावलं होतं ते काम. स्कॅनर लावला तर गाडीत तीन चाव्या नोंदवलेल्या, हातात दोनच. भाच्याला आठवलं, एक कधीतरी हरवली होती. मास्तरांना सांगितलं, व्यवहाराआधी सगळ्या चाव्या पुसून या दोनच नव्याने नोंदवायच्या. जुनी गाडी घेताना लोक टायर आणि रंग बघतात, हे कोणी विचारत नाही. शिवाय चोरीचा क्लेम करायची वेळ आली तर विमावाले दोन्ही चाव्या मागतात.

इंजिन चालू ठेवून चावी काकींच्या हातात दिली आणि त्यांना माजघरात पाठवलं. गाडी पिपाणीसारखी ओरडली, पण बंद पडली नाही. "हे लक्षात ठेवा मास्तर. काकींना डिचोलीच्या बाजारात उतरवलं आणि चावी त्यांच्या पर्समध्ये राहिली तर तुम्ही म्हापशापर्यंत आरामात याल. तिथे गाडी बंद केली की मग मला फोन." मास्तरांनी वहीत टिपून घेतलं, खरोखरच.

"चोर काय करतात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एक जण गाडीपाशी, दुसरा चावी असलेल्या घराच्या भिंतीपाशी, दोघांकडे यंत्र. गाडीची तोकडी हाक ते लांबवून चावीपर्यंत नेतात आणि गाडीला वाटतं मालक आला. झुरिचच्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांची दहा मॉडेल्स तपासली, सगळी फसली. आता काही महागड्या गाड्या अल्ट्रा वाइडबँड नावाच्या रेडिओ तंत्राने उत्तराला लागलेला वेळ मोजून अंतर ओळखतात. या गाडीत ते नव्हतं.

"मग मी काय करू?"

"घ्या गाडी. फक्त रात्री चाव्या खिडकीशी टांगू नका, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा."

मास्तरांची नजर ओट्यावरच्या डब्याकडे गेली. काकींनी तो आधीच उचलला होता आणि दुसऱ्यांदा घासायला घेतला होता.