बारावा गडी

यंदा गणेशोत्सवात आमच्या सोसायटीने ज्येष्ठांचा सत्कार केला. फ्लेक्सवर अण्णामामांच्या नावाखाली ठसठशीत अक्षरांत ‘माजी रणजीपटू’. अण्णामामा म्हणजे बाबांचे मामा, वय वर्षं ९२. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि माइक मागून घेतला. “मी रणजी खेळलेलो नाही. एका मॅचला बारावा होतो. पाणी नेलं. बस.” आणि खाली येऊन बसले.

फ्लेक्सचा मजकूर मी दिला होता, हे घरात अजून कुणाला ठाऊक नाही.

अण्णामामा वीसेक वर्षं पुण्यात क्लब क्रिकेट खेळले. आठवडाभर टेलिफोन खात्यात, रविवारी स्टंपामागे. त्यांना मॅचेसबद्दल विचारा, फारसं बोलत नाहीत. मॅटबद्दल विचारा! सकाळी सातला मैदानावर पोचायचं ते खेळायला नाही, खेळपट्टीवर मॅट अंथरायला. काथ्याची जाडजूड गुंडाळी चौघांनी खांद्यावर आणायची. एकाने टोक पायाखाली दाबायचं, दोघांनी ओढायचं, चौथ्याने वीतभर खिळे ठोकायचे. ताण कमी पडला की चेंडू वाटेल तसा उडायचा, आणि प्रसाद मिळायचा कीपरच्या बोटांना. त्यांची उजवी करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली आहे. कप धरताना ती आडवी येते, म्हणून चहा बशीतून. मामी होत्या तोवर त्याच सदऱ्याची बटणं लावून द्यायच्या.

क्रिकेटमध्ये वरच्या पातळीवर गेला नाहीत याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. (असले प्रश्न मुलाखतीत बरे वाटतात, घरात नाही.) त्यावर त्यांनी निंबाळकरांची गोष्ट काढली.

डिसेंबर १९४८. अण्णामामा सोळा वर्षांचे. शाळेला दांडी मारून, मित्राच्या सायकलवर डबलसीट, सदाशिव पेठेतून पूना क्लबच्या मैदानावर. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर २०५ वर गेले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी ते नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचा एका डावातल्या सर्वाधिक धावांचा, ४५२ चा विक्रम हाताशी आलेला. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, अडून बसले आणि त्यांनी सामनाच सोडून दिला.

“आम्ही आपले वाट बघत बसलोय,” अण्णामामा म्हणतात, “ती मधली सुट्टी काही संपेना.”

निंबाळकर पुढे कसोटीही खेळले नाहीत, एकसुद्धा. २०१२ साली गेले, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना. “त्यांना नाही मिळाली टेस्ट. आणि तू मला विचारतोस!”

सत्काराच्या रात्री त्यांचा मूड जरा निवळावा म्हणून मी देवधरांचा विषय काढला. प्रा. दि. ब. देवधर, एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे, महाराष्ट्राला दोनदा रणजी जिंकून दिली, तेही टेस्ट खेळले नाहीत आणि १०१ वर्षं जगले. अण्णामामांच्या पिढीचं दैवत.

“अण्णामामा, तुम्ही ९२. देवधरांना गाठायला नऊच राहिले की! निंबाळकरांनाही ब्रॅडमनपर्यंत नऊच हवे होते.”

त्यांनी बशी खाली ठेवली.

“नऊ बरोबरीला. पुढे जायला दहा. नीट मोजत जा, आणि ते फ्लेक्सवाल्यालाही सांग.”