मार्केट स्क्विडला मिळणारे ते दोन दिवस

कॅलिफोर्नियाच्या मार्केट स्क्विडबद्दल (म्हणजे तिथल्या समुद्रातली एक जातीची माकूळ) सध्या मिळेल ते वाचतेय आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये, याची मासेमारी होतेच मुळी तो अंडी घालायला किनाऱ्याजवळ येतो तेव्हा. रात्री बोटी झगझगीत दिवे लावतात, थवेच्या थवे वर येतात आणि जाळ्यात सापडतात. बरं हा जगतो किती, तर जेमतेम सहा ते नऊ महिने, अंडी घालायचा हंगाम आयुष्यात एकदाच आणि मग नर-मादी दोघंही मरतात. म्हणजे पुढची सगळी पिढी या अंड्यांतूनच यायची, मागे मोठी मंडळी कुणी उरतच नाहीत.

मीलनाच्या वेळी नराचे बाहू लालबुंद होतात, तो मादीला खालून घट्ट धरतो आणि एका खास बाहूने शुक्राणूंच्या बारीक नळ्या तिच्या शरीरात ठेवतो. मग मादी बोटासारख्या लांबट पांढऱ्या पिशव्या एकेक करून तळाच्या वाळूत रोवत जाते, एका पिशवीत साधारण 200-300 अंडी.

आता खरी गंमत. मादी वयात आली की तिची अंड्यांची शिल्लक ठरून गेलेली असते, नवीन काही तयार होत नाही. त्यामुळे जाळ्यात आलेल्या मादीच्या अंडाशयात किती उरलीत ते मोजलं की मरण्याआधी तिने किती घातली याचा अंदाज बांधता येतो, शिवाय अंडी घालता घालता तिच्या अंगाचं मांसही पातळ होत जातं, तीही एक खूण! मला हे फार भारी वाटतं, सगळा हिशोब तिच्या शरीरातच लिहिलेला.

तिथे वर्षाला 1,18,000 शॉर्ट टन (एक शॉर्ट टन म्हणजे साधारण 907 किलो) स्क्विडच पकडायची मर्यादा आहे, पण मला जास्त पटतो तो दुसरा नियम, शुक्रवारी दुपारी 12 ते रविवारी दुपारी 12 व्यावसायिक मासेमारी बंद. टनांच्या आकड्याला मादीने अंडी घातली की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं, आणि एकदा घालायला लागली की तिच्याकडे थोडेच दिवस असतात, त्यातले दोन निवांत मिळाले तर खूप झाले.

1997-98 च्या एल निनोत, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापलं तेव्हा, हा स्क्विड जाळ्यातून जवळजवळ गायबच झाला होता आणि 2000 पर्यंत बोटी पुन्हा भरून यायला लागल्या. इतक्या लवकर सावरतो तो या अंड्यांच्या जोरावरच, म्हणून ती वाळूत रोवली जाण्याआधीच मादी उचलली गेली की मला फार लागतं.