ब्योबु भिंतीला सपाट ठोकू नका हो

जपानी ब्योबु, म्हणजे ते घडीचे रंगवलेले पडदे, यांचं मला प्रचंड वेड आहे आणि त्यामुळेच घर सजवण्याचे फोटो बघताना बऱ्याचदा जीव तुटतो. 200-300 वर्षं जुना सहा पॅनलचा पडदा, त्यावर डोंगर, नदी, धुकं, आणि तो पूर्ण ताणून सोफ्याच्या वर भिंतीला ठोकलेला! लोक म्हणतात अहो पण चित्र तर सगळं दिसतंय ना. नाही दिसत. खरंच नाही दिसत, आणि का ते आज नीट सांगते.

ब्योबु जमिनीवर नागमोडी उभा राहणार हे चित्रकाराला आधीपासून माहीत असायचं आणि तो तसाच विचार करून रंगवायचा. हासेगावा तोहाकू या जपानी चित्रकाराचे पाइन वृक्ष घ्या, 16व्या शतकाच्या शेवटचं काम, टोकियो नॅशनल म्युझियममध्ये आहे, सहा-सहा पॅनलच्या दोन पडद्यांची जोडी, प्रत्येक पडदा साधारण 157 सेंमी उंच आणि साडेतीन मीटर रुंद. नुसती काळी शाई आणि कागद. त्यातही बराचसा कागद कोराच सोडलाय आणि तो कोरा भाग म्हणजेच धुकं. पुस्तकात सपाट छापलेलं बघितलं तर छानच वाटतं, पण पडदा घडी घालून उभा केला की आत वळलेल्या भागातली झाडं मागे सरकतात, पुढे आलेल्या कडेजवळची अंगावर येतात, आणि आपण दोन पावलं बाजूला झालो की एखादं झाड अर्धं झाकलं जातं नि दुसरं बाहेर येतं. म्हणजे चित्रातली खोली कागदावर थोडीशीच आहे, उरलेली त्या घड्यांमध्ये आहे. पडदा ताणला की ती गेलीच.

आणि हे सगळं शक्य झालं बिजागरीमुळे! मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. आधीच्या काळात प्रत्येक पॅनलला स्वतःची वेगळी रेशमी किनार असायची आणि पॅनल एकमेकांना दोरीने किंवा चामड्याच्या पट्टीने बांधलेले असायचे, त्यामुळे चित्राचे तुकडे पडायचे, डोंगर मध्येच किनारीला अडायचा. साधारण 14व्या शतकात कागदाची बिजागरी आली. कागदाच्या पट्ट्या आलटून पालटून एकीची सुरुवात पुढून तर दुसरीची मागून अशा चिकटवायच्या, मग दोन पॅनलमध्ये फटच राहत नाही आणि पडदा दोन्ही दिशांना दुमडतो. किनारी गेल्या आणि निसर्गचित्र सलग सहा पॅनलवर पसरायला मोकळं झालं. इतकी साधी गोष्ट, पण नंतरची ती भव्य चित्रं तिच्यावरच उभी आहेत असं मी म्हणेन.

ओसाकाजवळच्या कोंगोजी मंदिरात सूर्य-चंद्राच्या निसर्गचित्राची एक जोडी आहे, मुरोमाची काळातली (साधारण 14वं ते 16वं शतक), चित्रकार कोण ते माहीत नाही, 2018 मध्ये तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. ब्योबु उजवीकडून डावीकडे बघायचा असतो. इथे उजव्या पडद्यावर वसंत आणि उन्हाळा आणि सोनेरी सूर्य, डाव्यावर शरद आणि बर्फाने झाकलेला डोंगर आणि चंदेरी चंद्र, आणि खालून लाटा नुसत्या उसळतायत. अख्खं वर्ष एका नजरेत मावत नाही, चालत चालत बघावं लागतं. गोल फुगलेले डोंगर घडीच्या वळणांवर काय सुंदर बसतात, वा!

दुसरी गोष्ट म्हणजे उजेड. सोनेरी ब्योबुवर सोन्याचा वर्ख लावलेला असतो, साधारण 10 सेंमीचे चौकोनी तुकडे, एकाची कड दुसऱ्यावर थोडी चढवलेली, जवळून त्या रेषा दिसतात. हे पडदे तेलाच्या दिव्याच्या नाहीतर मेणबत्तीच्या उजेडात, जमिनीवर बसून बघितले जायचे. उजेड खालून, बाजूने, हलता. प्रत्येक पॅनलचा कोन वेगळा त्यामुळे एक पॅनल झळकतो तर शेजारचा काळपट, आणि बसल्यावर नजर बरोबर पाण्याच्या, वाटेच्या उंचीवर येते. छतावरच्या पांढऱ्या लाइटखाली उभं राहून हे कुठून कळणार? टोकियो नॅशनल म्युझियमने 2017 च्या उन्हाळ्यात तोहाकूच्या पाइन वृक्षांची हुबेहूब प्रत लोकांना तातामीवर, म्हणजे जपानी गवती चटईवर, बसून बघू दिली होती, मूळ वस्तूला धक्का न लावता अनुभव द्यायचा हा मार्ग मला अगदी पटतो.

जुना ब्योबु विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. आत हलक्या लाकडाची जाळी असते आणि तिच्यावर कागदाचे थरावर थर, दुरुस्तीला उघडला की त्या थरांत कधीकधी जुनी पत्रं, हिशेबाचे कागदही सापडतात. कागद आणि लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतात-आकसतात, म्हणून हीटरजवळ तर अजिबात ठेवू नका, फाटतो. आणि चित्रात मधल्या उंचीवर भरून काढलेले गोल डाग दिसले तर खूश व्हा, कारण तो बहुतेक मूळचा सरकता दरवाजा असणार आणि तिथे धरायची खाच असणार. कानो एइतोकू या चित्रकाराचं म्हणून मानलं जाणारं हिनोकी (जपानी सायप्रस) वृक्षाचं चित्र असंच आहे, 1590 च्या सुमाराचं, मूळचे राजवाड्यातले दरवाजे, नंतर आठ पॅनलचा ब्योबु केला तेव्हा कडा कापल्या गेल्या आणि फांद्या जोडावर जुळेनात, म्हणून अलीकडच्या दुरुस्तीत त्याचे चार-चार पॅनलचे दोन पडदे केले.

जुलैत क्योतोला जाणार असाल तर गिओन उत्सवाच्या मिरवणुकीआधीच्या संध्याकाळी जुन्या व्यापारी गल्ल्यांमधून नक्की फिरा. तिथली काही घराणी आपापले ब्योबु पुढच्या खोलीत मांडतात, रस्त्यावरून कोणालाही बघता येतात, जमिनीवर, घडी घालून, जसे असायला हवेत अगदी तसे.