आमची वाटचाल: पिवळी पूड, पांढरा उजेड

चिपळूणला लागून खेर्डी एमआयडीसीत आम्ही एलईडीची पिवळी पूड (फॉस्फर) भाजतो. निळ्या चिपवर ती बसवली की उजेड पांढरा दिसतो. यिट्रियम ऑक्साइड, अ‍ॅल्युमिना, किंचित सिरियम आणि फ्लक्सला, म्हणजे भाजताना कण नीट जुळावेत म्हणून, बेरियम फ्लोराइड. बॉलमिलमधून दळून काढायचं आणि १५०० अंशांवर नायट्रोजन-हायड्रोजनमध्ये भाजायचं. हायड्रोजन कमी पडला की पूड मंद पडते. जपानच्या निचिया कंपनीने १९९६ मध्ये निळ्या चिपवर याच जातीची पूड बसवून पांढरा उजेड विकायला काढला, तेव्हा आम्ही चिपळुणात ट्यूबलाइटचे चोक दुरुस्त करत होतो.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं. भट्टीचं फायबरचं अस्तर चिखलाने भरलं. मोली-सिलिसाइडचे हीटर रॉड थंड असताना काचेसारखे ठिसूळ. उपसताना निम्मे आमच्याच हातात मोडले. आम्ही गाळ काढतोय, तोवर एका व्यापाऱ्याने आमच्या गिऱ्हाइकांना फोन फिरवले: "त्यांचं आटोपलं, आता आयात माल घ्या." आमच्याच हाताखाली शिकलेला. नाव लिहीत नाही.

बहुतेक गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली. देवगडचे दिवेवाले काका तेवढे परत आले. ते आंब्याच्या पॅकिंग शेडचे दिवे बनवतात. नुसत्या पिवळ्या पुडीच्या दिव्याखाली लाल रंग मरतो, आर-नाइन (गडद लाल किती खरा दिसतो त्याचा आकडा) शून्याच्या आसपास, कधी उणेसुद्धा. मग हापूसच्या खांद्यावरची लाली दिसत नाही आणि पेटीची प्रत चुकते. म्हणून आम्ही त्यांना लाल नायट्राइडची पूड मिसळून देत होतो. व्यापाऱ्याने त्याऐवजी फ्लोराइडची लाल पूड दिली, तीही साध्या पिशवीत, भर पावसाळ्यात! काकांनी पिशवी माझ्या टेबलावर उघडली. ही पूड दिसायला फिकट पिवळी असते. आतली ओल लागून पार तपकिरी पडली होती. "तुझी भट्टी कधी लावतोस?" एवढंच विचारून त्यांनी आगाऊ चेक ठेवला. त्याच पैशांतून रॉड आले.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. पावसात डबा उघडलात तर पूड लगेच सिलिकोनमध्ये (चिपवर भरायच्या पारदर्शक चिकात) कालवा, व्हॅक्यूमला लावून बुडबुडे काढा आणि भरताना मध्ये चहाला उठू नका. पूड तळाला बसते, मग एकाच ट्रेमधला एक दिवा निळसर, दुसरा पिवळट.

तो व्यापारी हल्ली नायट्राइडचं मिश्रण आमच्याकडूनच उचलतो. त्याला उधारी नाही.