ताडोबा: वाघामागे पळण्यापेक्षा चितळांचा कळप बघा

मोहर्ली गेटने सकाळच्या सफारीला गेलो होतो, आणि सगळ्या जिप्सी वाघाच्या मागावर सुसाट निघाल्या तेव्हा आम्ही गाईडला सांगितलं की कुरणाच्या कडेला चितळं चरतायत तिथेच थांबू, इंजिन बंद करा. भारी निर्णय होता तो!

आधी एका मादीने चरणं थांबवलं, मान वर, कान पुढे, मग पुढचा पाय उचलून जमिनीवर आपटला. बाजूच्या दोघी-तिघींनी तिच्याकडे नाही, ती बघत होती तिकडे बघितलं आणि बघता बघता अख्खा कळप एकाच दिशेला तोंड करून उभा, शेपट्या वर, आणि तो तीक्ष्ण कॉल, म्हणजे धोक्याचा आवाज, सुरू. झाडावरच्या वानरांनीही खाकरायला सुरुवात केली. गवतातून वाघीण बाहेर आली, मोकळ्यातून चालत गेली, तरी एकही चितळ पळालं नाही! ती जाईल तसं सगळे फक्त वळत राहिले. कारण वाघ दबा धरून मारणारा, एकदा दिसला की त्याचा डाव बहुतेक वेळा संपतो, म्हणून कॉल जसा कळपासाठी तसा वाघासाठीही असतो, की बाबा दिसलायस तू. खरी घालमेल झाली ती वाघीण बांबूत शिरून दिसेनाशी झाल्यावर, तेव्हा पिल्लंवाल्या माद्या लगेच मागे सरकल्या.

रानकुत्र्यांसमोर हे चालत नाही. ते टोळीने पाठलाग करून दमवतात, बघितलं म्हणून सोडत नाहीत, त्यामुळे चितळं सरळ धूम ठोकतात आणि सांबर बऱ्याचदा पाण्यात उतरून तोंड देत उभं राहतं. गव्यांचं अजून वेगळं, मोठा नर 1000 किलोच्या आसपास जाऊ शकतो, तो कशाला पळेल, वासरं आत घेऊन मोठे गवे समोर उभे राहतात. वाघ गवा मारतोच, पण शक्यतो वासरू किंवा एकटा पडलेला बघून.

आता जाणाऱ्यांसाठी. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबरही, बुकिंग ऑनलाइन आधीच करा. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. कॅमेरा नसेल तरी चालेल पण दुर्बीण हवीच, 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) मस्त. आवाज आला की लगेच गाडी पळवायला लावू नका, आधी कान कुठे वळलेत ते बघा, वाघ असला तर बहुतेक त्याच रेषेत असतो. एकच चितळ एकदाच ओरडलं तर फार मनावर घेऊ नका, बिबट्या, अजगर किंवा नुसता संशयही असू शकतो, पण सांबराचा तो मोठा "पॉंक" परत परत आला तर मात्र जागा सोडायची नाही. उन्हाळ्यात माजावर आलेले चितळ नर लांबलचक हंबरल्यासारखा आवाज काढतात, नवीन माणूस हमखास फसतो, अलार्म कॉल छोटा आणि धारदार असतो. आणि कळप जिप्सीकडेच बघत खूर आपटायला लागला तर त्याला त्रास होतोय तो आपलाच, गाडी शांतपणे मागे घ्यायला सांगा.